‘बसा जरा’ हे कुठलं कलम?

एरवी इथे मी पिठ्या ढेकूण, मावा आणि कुंडीतल्या लिंबाला फळ का धरत नाही यावर लिहितो. आजचा विषय तो नाही, पोलीस स्टेशनच्या बाकावर गेलेली एक सकाळ आहे. लिहू की नको यात दोन महिने गेले. पोलीस स्टेशनचं नाव लिहिणार नाही, माणसांचीही नाही. त्यातल्या दोघांशी माझं भांडण नाहीच, आणि ज्याच्याशी आहे त्याचं नाव मला धड वाचताही आलं नाही. छातीवरच्या पट्टीवर रेनकोट होता.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी पुण्यात सोसायट्यांच्या बागा सांभाळतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री झाली, मग पुण्यात येऊन चार वर्षं एमपीएससी ‘केली’ (याचा अर्थ सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्यांना सांगायला नको), पीएसआयच्या मुख्य परीक्षेच्या दारावरून परतलो आणि शेवटी मातीतच हात घातला. गाव बीड जिल्ह्यातलं, धारूरकडचं. घरी ऊसतोड.

आमच्याकडे कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आई गेली त्या साली मुकादमाच्या वहीत आबांच्या नावापुढे ‘अर्धा’ लागलं. पुढे आबांचे गुडघे गेले आणि ते फडावर जायचे थांबले, तेव्हा त्यांचा कोयता माझ्याकडे आला. घिसाड्यानं ट्रकच्या पाट्यापासून घडवलेला, बाभळीच्या मुठीचा. नारळाच्या वाळक्या झावळ्या काढायला त्याच्यासारखी वस्तू नाही. दुकानातला पातळ पत्र्याचा कोयता तिसऱ्या झावळीला वाकतो.

पुण्यात मात्र हा शब्द वेगळाच झालाय. २०२२च्या शेवटाशेवटाला ‘कोयता गँग’ हे शब्द पेपरात रोज यायला लागले. पोरं गाड्या फोडतायत, दुकानांच्या काचांवर कोयते आपटतायत, त्याचे व्हिडिओ फिरतायत. मग पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांनाही गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मागायला लावलं. लोक घाबरले होते, ते खोटं नव्हतं. मीही रात्री सोसायटीच्या गेटवर थांबलो की मागे वळून बघायचो. फक्त त्या भीतीच्या यादीत आपणही बसू शकतो, हे डोक्यात आलं नव्हतं.

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. दसऱ्याचा दुसरा दिवस. एका सोसायटीत सात नारळ आहेत, खाली पार्किंग. गाड्या निघायच्या आत झावळ्या पाडायच्या म्हणून आम्ही साडेपाचला निघालो. मी आणि माझ्याबरोबर झाडावर चढणारं पोरगं. एकोणीस वर्षांचं, लातूरकडचं, केस सोनेरी रंगवलेले. दोघांमध्ये पोतं, पोत्यात दोरखंड, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), दोन खुरपी आणि कोयता. पाऊस भुरभुरत होता. पुलाच्या अलीकडे बॅरिकेड लावलेले. शिट्टी झाली.

“ए, बाजूला घे. पोत्यात काय?”

इथे माझी पहिली चूक झाली. मी सरळ म्हणालो, “कोयता आहे साहेब.”

लायसन राहिलं, पीयूसी राहिलं. गाडीची चावी गेली, दोघांचे फोन गेले. टॉर्चच्या उजेडात पोतं उघडलं तर कोयत्याच्या पात्यावर लाल ठिपके. “हे काय आहे?” कुंकू होतं. आदल्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला पुजलेला, हळदही होती पण पावसानं ओघळून गेलेली. मी सांगितलं. दुसरा शिपाई हसला. पहिला हसला नाही. “हत्यार घेऊन फिरतोस आणि वर पूजा सांगतोस?” आता गंमत अशी की आमच्या गावाकडे खुरपं, कोयता, कुऱ्हाड या सगळ्याला हत्यारंच म्हणतात. खंडेनवमीला ‘हत्यारं धुऊन ठिवा’ असंच घरात म्हणायचे. एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून आम्ही दोघं उभे होतो.

इथपर्यंत मला तक्रार नाही. पहाटे दोघंजण पोत्यात कोयता घेऊन चाललेत, तर अडवायलाच हवं. मी पोलीस असतो तर मीही अडवलं असतं, पोतंही उघडलं असतं. खरं तर पाच मिनिटांत सोसायटीला एक फोन लावला असता तर उलगडा झाला असता. तो फोन कुणी लावला नाही. “चला स्टेशनला, साहेब बघतील.”

सहा दहाला आम्ही पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलो. दारावर झेंडूचं तोरण, आत बंदुकांच्या रॅकला हळद-कुंकू आणि आपट्याची पानं. त्यांनीही पूजलं होतं. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी एक वयस्कर हवालदार बाई होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, “बसा जरा.”

या ‘बसा जरा’बद्दलच मला लिहायचंय. बाकी सगळ्याला कलम आहे. अडवायला आहे, झडतीला आहे, अटकेला आहे. या दोन शब्दांना कुठल्याच पुस्तकात कलम नाही आणि माणसाचे सगळ्यात जास्त तास जातात ते यातच.

सातला एक अंमलदार नाव-गाव लिहायला आला. “बीड? मग बरोबर आहे.” गेल्या वर्षभरात जिल्ह्याचं नाव काढलं की भुवया वर जातात, त्याची सवय झालीय. तेवढ्यात दुसऱ्यानं येता-जाता पोराचे केस धरून मान मागे केली, “हे कुठल्या पिक्चरचं?” पोरगं काही बोललं नाही. मी उभा राहिलो, तर मला खाली बसवलं.

मग मी विचारलं. आवाज चढू नये म्हणून हात मांडीखाली दाबून धरले होते, हे आठवतंय.

“साहेब, आम्हाला अटक केलीय का?”

“अटक कशाला करू? चौकशीला आणलंय.”

“मग चौकशीची नोटीस मिळेल का?”

“वकील आहेस?”

“नाही साहेब. माळी आहे.”

“मग जास्त शहाणपणा करू नको. ३५३ लावीन.”

मला खरं तर हसू आलं होतं. ३५३, म्हणजे सरकारी कामात अडथळा आणून सरकारी माणसावर हात टाकणं, हे जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम. १ जुलै २०२४पासून न्याय संहिता आली आणि ते १३२ झालं. नव्या पुस्तकातलं ३५३ अफवा पसरवण्याबद्दलचं आहे. पण सुधारून द्यायची ती वेळ नव्हती. परीक्षेत चुकीचा पर्याय खोडला की मार्क मिळतो, बाकावर तसं नसतं.

संविधानाचा अनुच्छेद २२ मला झोपेतून उठवून विचारा. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. डी. के. बसू खटल्याचा १९९६चा निकालही पाठ: नावाची पट्टी दिसली पाहिजे, अटकेचा पंचनामा जागेवरच, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी. हे सगळं आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलमवार आहे. ३६ मध्ये नावाची पट्टी आणि अटकेचा कागद, ४७ मध्ये कारण सांगणं, ४८ मध्ये घरच्यांना कळवणं, ३८ मध्ये वकील, ५८ मध्ये चोवीस तास. पण यातलं बरंचसं सुरू होतं ‘अटक’ या शब्दापासून. समोरचा म्हणतो, अटक नाहीच. मग तुमचं सगळं पाठांतर दाराबाहेर चपलांशेजारी राहतं.

ही पळवाट जुनी आहे. १९८०मध्येच न्या. कृष्ण अय्यर यांनी महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात या शब्दच्छलाचा समाचार घेतला होता: ताब्यात घेतलंय पण अटक नाही, चौकशीला ठेवलंय पण कोठडी नाही, असले खेळ कायद्याला शोभत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. आमचं मुंबई उच्च न्यायालयही सांगून बसलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं, कागदावर अटक दाखवली तेव्हापासून नाही. आणि नुसतं चौकशीला बोलवायचं तरी कागद लागतो. संशयित असेल तर ३५(३)ची नोटीस, साक्षीदार असेल तर १७९खाली लेखी आदेश. बाई असेल, साठीपुढचा माणूस असेल किंवा पंधराच्या आतलं पोरगं असेल तर साक्षीसाठी पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचं असतं.

हे मला त्या वेळी एवढं सुसंगत आठवत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ, पोराचा पाय हलत होता तो, आणि टेबलावर उपडा ठेवलेला माझा फोन थरथरत सरकत होता तो, एवढंच दिसत होतं. सोसायटीतून फोन येत होते.

आठच्या पुढे एक कागद आला. “सही कर आणि जा.” मला जायचंच होतं. पण वाचला. पोलिसी मराठीचा मी जुना चाहता आहे. ‘सदर इसम हे अंधाराचा फायदा घेऊन, आपले अस्तित्व लपवून, घातक हत्यारासह संशयितरीत्या मिळून आले.’ मिळून आले! गाडीचा दिवा लावून, हेल्मेट घालून, मुख्य रस्त्यावरून चाललेला माणूस अस्तित्व कसं लपवतो? पण हे वाक्य उगाच नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडण्याबद्दल आहे, आणि ते कलम बसवायचं तर अंधार लागतो, लपणं लागतं. शिवाय ३७(१)चा मनाई आदेश मोडला म्हणून १३५. हे मनाई आदेश पंधरवड्या-पंधरवड्याचे निघतात, सण आले की हमखास. त्यात शस्त्रं, भाले, तलवारींबरोबर काठीसुद्धा येते. काटेकोर धरलं तर काठी टेकत फिरायला निघालेले आजोबाही त्यात बसतील.

आणि शस्त्र नियम. इथे माझ्याकडे खरंच उत्तर होतं. अनुसूचीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं धरलंय. आबांच्या कोयत्याचं पातं साडेतीन इंच रुंद, म्हणजे आकड्यानं मी गेलो. पण त्याच ओळीच्या शेवटी घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. कायदा लिहिणाऱ्याला ऊसतोड्या माहीत होता म्हणायचा.

मी सही केली नाही. म्हणालो, मजकुराखाली माझं म्हणणं लिहू द्या, मग करतो. ‘पहाटे ५.५० वा. अडवले. बागकामास जात होतो. कोयता शेतीचे अवजार आहे. ६.१० पासून स्टेशनला बसून आहे.’ वेळ लिहायचा हट्ट का धरला ते मलाही नीट सांगता येणार नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर वेळ लिहायची सवय असेल. कागद परत गेला. पुन्हा आला नाही. त्याच्याऐवजी “डीबीचे साहेब येऊ दे, मग तुझं बघतो” आलं. डीबी म्हणजे स्टेशनचं गुन्हे शोध पथक.

नऊच्या सुमारास हवालदार बाई एकट्या होत्या. मी जाऊन विचारलं, “ताई, आम्ही इथे बसलोय याची डायरीला नोंद आहे का? नसेल तर तेवढी करा. आणि एक फोन करू द्या.” त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. पेन उचललं नाही, पण फोन पुढे सरकवला. “एकच. लवकर.”

फोन कुणाला करावा? बायकोला केला असता तर ती रडत आली असती. कॉलेजचा मित्र माजलगावला वकिली करतो, तो अडीचशे किलोमीटरच्याही पुढे. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर, फुकट वकील मिळतो, तोही पाठ होता. मी सोसायटीच्या चेअरमन काकूंना केला. बँकेतून निवृत्त, अडुसष्ट वर्षांच्या, माझ्या बिलातले जीएसटीचे आकडे दोनदा तपासणाऱ्या.

त्या सव्वादहाला आल्या. कांजीवरमी नाही, साधी सुती साडी, हातात फाइल. दोन वाक्यं मराठीत, तिसरं इंग्रजीत. तोवर पीएसआय साहेब आले होते. माझ्याच वयाचे, बहुधा माझ्याच बॅचच्या आगेमागे अभ्यासिकेत बसलेले. काकूंसाठी खुर्ची आली. मला चार तास ‘तू’ म्हणणारा अंमलदार एकदम “सर, तुम्ही आधीच सांगायचं ना” म्हणाला. मी पहिल्या मिनिटाला तेच सांगितलं होतं. दहा चाळीसला आम्ही बाहेर होतो.

मला चेअरमन काकूंचा राग येऊ नये एवढाच प्रयत्न तेव्हापासून चालू आहे. माझे साडेचार तासांचे अनुच्छेद एका बाजूला आणि त्यांची फाइल एका बाजूला. कायदा माहीत असल्याचा उपयोग झाला का, असं मित्रानं विचारलं. झाला. त्या कागदावर सही केली असती तर काकू आल्या तेव्हा त्यांच्यासमोर आमचाच कबुलीजबाब ठेवला असता. पण सुटका झाली ती त्यामुळे, असं म्हणणार नाही.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, कोयता आतच राहिला. परत गेलो तर उत्तर मिळालं, “तो जमा आहे.” जमा म्हणजे काय? जप्त असेल तर पंचनामा हवा, आणि नव्या संहितेच्या १०५ कलमानं झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण हवं. जप्त नसेल तर वस्तू माझी आहे. मित्रानं फोनवर सांगितलं, तिथे वाद घालू नकोस, दोन प्रतींत अर्ज दे आणि एका प्रतीवर पोच घे. “पोच घेतल्याशिवाय पाणी पण पिऊ नको.” कसलंही कलम न लावता चार ओळी लिहिल्या: अमुक दिवशी अमुक वेळी माझं शेतीचं अवजार घेण्यात आलं, जप्ती असल्यास पंचनाम्याची प्रत द्यावी, नसल्यास अवजार परत द्यावं. शिक्का मारायला आवक-जावकवाल्यानं दोन दिवस घातले. पण मारला.

अकराव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, कोयता मिळाला. हवालदार बाईंनीच दिला. मुठीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली: ‘बेवारस’. पात्याला गंज धरला होता, कुंकवाच्या जागी जास्त. ताई हळूच म्हणाल्या, “खोबरेल लावून ठेवा.” त्या कुठल्या, हे विचारायचं राहिलं. बोलण्यात हेल आमच्याकडचा वाटला.

पुढे काय केलं तेही लिहितो, कारण दोघा-तिघांनी विचारलंय. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय: त्या दिवशीची सकाळी ६ ते ११ची स्टेशन डायरी आणि बाकाच्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. २ डिसेंबर २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस स्टेशनात कॅमेरे लावायला सांगितलेत आणि चित्रीकरण अठरा महिने, अगदीच जमत नसेल तर किमान वर्षभर ठेवायला. म्हणजे ‘पुसलं गेलं’ हे उत्तर इतक्यात येता कामा नये. कुणी विचारलं की स्टेशनात आपण मोबाइलवर चित्रीकरण करू शकतो का, तर नागपूर खंडपीठानं २०२२मध्ये एवढं स्पष्ट केलंय की पोलीस स्टेशन हे सरकारी गुपितांच्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही. पण फोन त्यांच्या टेबलावर उपडा असेल तर त्या निकालाचा तुम्हाला तिथे उपयोग नाही. आणि आमच्या प्रकारानंतर महिन्याभरातच, ६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. ‘अस्तित्व लपवून मिळून आले’ ही समजेल अशी भाषा धरायची का, हा मला पडलेला प्रश्न.

पोरगं चार दिवस कामावर आलं नाही. पाचव्या दिवशी आलं तेव्हा केस काळे होते. मी काही विचारलं नाही, त्यानंच सांगितलं, “मेंदी लावली, उतरत होता रंग.” मेंदीनं केस काळे होत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता गाडीच्या डिकीत प्रत्येक सोसायटीच्या लेटरहेडवर अवजारांची यादी असते, शिक्क्यासकट. यादी करताना काकूंनी ‘कोयता’ खोडून ‘झावळ्या काढण्याचे अवजार’ लिहिलं. आबांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. दिवाळीला गेलो तर त्यांनी पहिल्यांदा कोयताच मागितला, अंगठ्यानं धार बघितली आणि म्हणाले, “गंज कसा काय धरला रं? पावसात ठिवला व्हतास का?”

“हो,” म्हणालो.

परवा पुन्हा नाकाबंदी लागली, वेगळ्या चौकात. टॉर्च पोत्यावर आला. “काय आहे?”

“शेतीची अवजारं आहेत साहेब. यादी दाखवू का?”

“राहू दे. जा.”

मागे बसलेल्या पोरानं पोतं जरा घट्ट धरलं. पूल ओलांडेपर्यंत दोघंही बोललो नाही.